टॉमीचा मृत्यूचा दाखला: 'ट्रेनस्पॉटिंग' संशोधकाच्या नजरेने

पेपर कसा वाचायचा यावर इथे बऱ्याचदा लिहून झालंय. आज एक चित्रपट वाचू या. 'ट्रेनस्पॉटिंग', १९९६, दिग्दर्शक डॅनी बॉईल. हॉस्टेलवर राहिलेल्यांना निदान त्याचं पोस्टर तरी ओळखीचं असेल. मी शेवटासकट सगळं सांगणार आहे, त्यामुळे पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या. दीड तासाचाच आहे.

संशोधनाच्या ब्लॉगवर चित्रपट कशाला, असं वाटेल. कारण साधं आहे. पीएच.डी.च्या प्रवेशाच्या मुलाखतीत, प्रगती अहवालात, पुढे व्हायव्हात, एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत समोर येतो: हे कशामुळे झालं, आणि ते तुम्हाला कसं कळलं? 'ट्रेनस्पॉटिंग' या प्रश्नाला फार ठाम उत्तर देतो. उत्तर देणारा माणूस हुशार आहे, विनोदी आहे, आणि त्याच्यावर आपला लगेच विश्वास बसतो. माझं म्हणणं असं आहे की चित्रपटात जे घडतं ते खरं आहे, पण निवेदक त्याचं जे कारण सांगतो ते तोकडं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येणं हे संशोधनातलं मूलभूत कौशल्य आहे.

गोष्ट थोडक्यात

स्कॉटलंडमधलं एडिंबरा शहर, १९८० च्या दशकातलं. पर्यटकांना दिसतं ते किल्ल्याचं एडिंबरा नव्हे, तर बेकार तरुणांचं. रेंटन, सिक बॉय, स्पड, बेग्बी आणि टॉमी, पाच मित्र. पहिले तिघे हेरॉइन टोचून घेतात. बेग्बी हेरॉइनला शिवत नाही, पण दारू आणि मारामारी हे त्याचं व्यसनच आहे. टॉमी सगळ्यात निरोगी: व्यायाम करणारा, फुटबॉलवेडा, मित्रांना डोंगरात फिरायला नेणारा, लिझी नावाच्या मुलीच्या प्रेमात असलेला.

रेंटन टॉमीच्या घरून एक व्हिडिओ कॅसेट गुपचूप उचलतो. ती टॉमी आणि लिझीची खासगी कॅसेट असते. ती हरवल्यावर लिझी त्याला सोडून जाते. खचलेला टॉमी रेंटनकडेच येतो आणि हेरॉइन मागतो. रेंटन थोडे आढेवेढे घेतो आणि देतो. पुढे टॉमीची एचआयव्हीची टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि रेंटनची निगेटिव्ह. टॉमी एकटा पडतो आणि मरतो. रेंटन लंडनला जातो. शेवटी सगळे मिळून दोन किलो हेरॉइन विकतात, सोळा हजार पाऊंड मिळतात, आणि रेंटन मित्रांना झोपेत सोडून ते पैसे घेऊन पळतो.

निवेदकाचं उत्तर

हे सगळं आपल्याला रेंटन सांगतो. त्याचं सुरुवातीचं स्वगत प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की लोक नोकरी, घर, टीव्ही, कर्ज निवडतात. मी हेरॉइन निवडलं. शेवटी तो उलटं सांगतो: आता मी ते साधं आयुष्य निवडणार. म्हणजे दोन्ही टोकांना एकच क्रियापद, 'निवडणं'.

आता प्लॉट तपासा. टॉमीने काय निवडलं? कॅसेट चोरीला जाणं त्याने निवडलं नाही. लिझीचं जाणं निवडलं नाही. त्याने हेरॉइन मागितलं हे खरं, पण ते मागायला कोणाकडे जायचं हे त्याला माहीत होतं, कारण तो त्या कट्ट्यावरच बसत होता. आणि एकाच टोळक्यात एकाच्या रक्तात विषाणू गेला, दुसऱ्याच्या नाही, हे तर कोणीच निवडलं नाही.

'मी निवडलं' हे व्यक्तीच्या पातळीवरचं स्पष्टीकरण झालं. चित्रपटात मात्र घडतं ते सगळं टोळक्याच्या पातळीवर: पहिली सुई मित्र देतो, पैसे मित्रांच्या खिशातून येतात, विषाणू मित्रांच्या वर्तुळात फिरतो. निवेदकाने विश्लेषणाचं एककच चुकीचं धरलंय. तुमच्या प्रपोजलमध्ये 'युनिट ऑफ अ‍ॅनालिसिस' ही जी कंटाळवाणी ओळ असते ना, तिचं महत्त्व हेच.

दाखला भरू या

डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला लिहितात तेव्हा त्यात एकच कारण लिहून चालत नाही. वरच्या ओळीत तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली ते कशामुळे, असं उतरत मूळ कारणापर्यंत जायचं असतं. हा नमुना फार शिकवतो. टॉमीचा दाखला भरून पाहू.

टॉमी कशाने मेला हे आपल्याला त्याच्या अंत्यविधीच्या वेळी एक मित्र सांगतो. टॉमीने लिझीची मनधरणी करायला मांजरीचं पिल्लू आणलं होतं. तिने ते घेतलं नाही. पिल्लू टॉमीकडेच राहिलं, घरात घाण साचली, त्यातून टॉमीला टॉक्सोप्लाझ्मोसिस झाला आणि मेंदूवर परिणाम होऊन तो गेला. मित्र हा किस्सा जवळपास गंमत असल्यासारखा सांगतो. प्रेक्षकाला हसू येतं आणि हसल्याबद्दल अपराधीही वाटतं.

वैद्यकीयदृष्ट्या हा तपशील चोख आहे. पटकथाकार जॉन हॉज स्वतः डॉक्टर होता हे इथे जाणवतं. टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून बाहेर पडतो. निरोगी माणसाला त्याची लागण झाली तरी बहुधा काही जाणवत नाही, परजीवी शरीरात गुपचूप पडून राहतो. प्रतिकारशक्ती कोसळली की मात्र तोच मेंदूत जखमा करतो. एड्सच्या रुग्णांमध्ये बऱ्याचदा जुनी, झोपलेली लागणच पुन्हा जागी होते. म्हणजे मांजर नसती तरी टॉमीला हाच आजार होऊ शकला असता.

तर दाखला असा होतो. पहिली ओळ: मेंदूचा टॉक्सोप्लाझ्मोसिस. तो कशामुळे? एड्स. तो कशामुळे? एचआयव्हीची लागण. ती कशामुळे? वापरलेली सुई. इथपर्यंत चित्रपट आपल्याला आणतो. त्याच्याखाली रेंटन लिहील, 'टॉमीची निवड', आणि सही करून मोकळा होईल. पण खरा प्रश्न तिथेच सुरू होतो: सुई वापरलेली का होती? नवी का नव्हती?

या ओळीची जागा चित्रपटात कोरी आहे. सिरिंज पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसते. ती आली कुठून, हे कोणी विचारत नाही.

कोरी ओळ कोणी भरली

ही ओळ भरली एडिंबराच्याच एका डॉक्टरने. म्यूरहाउस ही शहराच्या उत्तरेकडची गरीब वस्ती. तिथल्या दवाखान्यात रॉय रॉबर्टसन हे जनरल प्रॅक्टिशनर होते. त्यांच्याकडे हेरॉइन टोचून घेणारे बरेच तरुण येत. १९८६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक पेपर छापला. अशा १६४ जणांची तपासणी केली, तेव्हा ५१ टक्के एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले. एका वस्तीतल्या एका दवाखान्यात निम्मे! चित्रपटातल्या टोळक्यात एक टॉमी आहे. म्यूरहाउसच्या हिशोबाने टोचून घेणाऱ्या चौघांच्या टोळक्यात सरासरी दोन टॉमी निघतील.

पेपरची पद्धत बघा, कारण ती शिकण्यासारखी आहे. हिपॅटायटिस बीच्या तपासणीसाठी आधीच्या वर्षांत घेतलेले रक्ताचे नमुने साठवलेले होते. एचआयव्हीची चाचणी १९८५ मध्ये उपलब्ध झाली. मग जुन्या नमुन्यांवर नवी चाचणी केली. त्यामुळे 'आज किती जण पॉझिटिव्ह' एवढंच नाही, तर 'लागण साधारण केव्हा पसरली' हेही कळलं: १९८३ च्या शेवटी आणि १९८४ च्या सुरुवातीला. नमुना नीट लेबल लावून ठेवण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

आता वेळ कळली की पुढचा प्रश्न: त्या सुमारास शहरात वेगळं काय चाललं होतं? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिंबरात पोलिसांनी हेरॉइनविरुद्ध कडक मोहीम उघडली होती. सिरिंज सापडली तरी ती जप्त होई. औषधांची दुकानं अशा तरुणांना सिरिंज विकेनाशी झाली. हेतू चांगलाच होता: सुई मिळाली नाही तर मुलं टोचणार नाहीत. झालं असं की मुलं टोचत राहिली आणि सुया कमी झाल्या. एक सिरिंज अनेकांत फिरू लागली आणि नेमका तेव्हाच विषाणू शहरात पोचला. रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी सुयांची टंचाई आणि लागणीचा वेग यांचा संबंध जोडला.

'संबंध जोडला' आणि 'सिद्ध केलं' यात फरक आहे, आणि मुलाखतीत तुम्हाला तोच विचारतील. हा सगळा डेटा एका दवाखान्यातला. जे डॉक्टरकडे आले तेच नमुन्यात आले; आलेच नाहीत त्यांचं काय? मग तुलना हवी. ती जवळच सापडते. साधारण तासाभराच्या अंतरावरचं ग्लासगो. तिथेही त्याच काळात हेरॉइन टोचून घेणारे तरुण भरपूर होते, पण त्यांच्यातलं एचआयव्हीचं प्रमाण एडिंबराच्या मानाने फारच कमी निघालं. देश तोच, पदार्थ तोच, वय तेच. म्हणजे 'हेरॉइन घेतलं म्हणून एड्स झाला' हे वाक्य अपुरं ठरतं. विषाणू कुठे आधी पोचला, सुया कुठे किती मिळत होत्या, एकत्र टोचण्याची सवय कशी होती, हे सगळे घटक मध्ये येतात. त्यातला प्रत्येकाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण रेंटनच्या 'निवड' या शब्दात यातला एकही घटक मावत नाही.

यावरून पुढे धोरण बदललं. १९८७ मध्ये वापरलेली सुई देऊन नवी घेण्याची केंद्रं प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. १९८८ मध्ये एडिंबरात मेथाडोन देणारी वस्तीपातळीवरची सेवा सुरू झाली. मेथाडोन तोंडाने घ्यायचं असतं. ते हेरॉइनच्याच रिसेप्टरवर सावकाश काम करतं, त्यामुळे तडफड थांबते आणि सुईची गरज उरत नाही.

हाच धडा आपल्याकडे मणिपूरने फार महाग दरात शिकवला. १९८९-९० च्या सुमारास तिथे सुईने हेरॉइन घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही काही महिन्यांतच शून्याच्या जवळून निम्म्याच्या आसपास पोचला. नेटवर्क दाट असेल तर एवढा वेळ पुरतो.

किंमत कोणी किती मोजली

चित्रपटाकडे परत येऊ. टोळक्यातल्या प्रत्येकाने मोजलेली किंमत सारखी नाही, आणि हे दाखवण्यात 'ट्रेनस्पॉटिंग' फार प्रामाणिक आहे. निवेदक त्यावर बोलत नाही एवढंच.

रेंटन आणि स्पड एकाच चोरीत पकडले जातात. स्पड तुरुंगात जातो. रेंटन उपचार घेतोय म्हणून सुटतो. रेंटनला ओव्हरडोस होतो तेव्हा हेरॉइन विकणारा स्वॅनी त्याला ओढत रस्त्यावर आणतो आणि टॅक्सीत टाकतो. टॅक्सीवाला त्याला हॉस्पिटलच्या दारात सोडतो, आत एक इंजेक्शन मिळतं आणि तो दचकून उठतो. हेरॉइन मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र मंदावतं. माणूस दगावतो तो बहुधा श्वास थांबून. अशा वेळी शेजारी कोण आहे आणि तो किती लवकर हालचाल करतो, यावर जगणं ठरतं. रेंटनच्या शेजारी कोणीतरी होतं. घरी त्याला खोलीत कोंडून का होईना, सांभाळणारे आई-बाप होते. टॉमीच्या शेजारी शेवटी मांजर होती.

आणि अ‍ॅलिसन. त्याच फ्लॅटवर येणारी मुलगी. तिचं तान्हं बाळ, डॉन, पाळण्यात मरून पडतं आणि ते कळायलाही सगळ्यांना उशीर होतो. आक्रोश करणाऱ्या आईला त्या क्षणी डोस हवा असतो. रेंटन तो तयार करतो, पण आधी स्वतः घेतो, मग तिला देतो. ही गोष्ट तो स्वतःच आपल्याला सांगतो. मला विचाराल तर हा चित्रपटातला सगळ्यात खरा क्षण आहे. टोळक्यातही रांग असते आणि त्या रांगेत बाई मागे असते. त्यानंतर चित्रपट अ‍ॅलिसनला जवळपास विसरतो.

शेवटच्या पैशांतही तोच हिशोब. सोळा हजारांपैकी रेंटन दोन हजार स्पडसाठी लॉकरमध्ये ठेवतो, कारण स्पडने कधी कोणाचं वाईट केलं नाही. आपल्याला बरं वाटतं. पण टॉमीचा वाटा? अ‍ॅलिसनचा? आणि विकलेल्या त्या दोन किलोंतून लंडनमध्ये किती नवे टॉमी तयार झाले असतील? तेवढ्यात संगीत चढतं, रेंटन हसत पुलावरून चालत येतो आणि आपणही हसतो. माझी या चित्रपटाबद्दल खरी तक्रार असेल तर ती इथे आहे. दीड तास त्याने जे दाखवलं, ते शेवटच्या दोन मिनिटांत तो आपल्याला विसरायला लावतो.

वाचलेला सांगतो, तेच आपण ऐकतो

आकडेवारीत एक दोष शिकवतात: सर्व्हायव्हरशिप बायस. जे टिकले त्यांच्याचकडून माहिती गोळा केली तर निष्कर्ष टिकलेल्यांच्या बाजूने झुकतो. रेंटन हा असा टिकलेला नमुना आहे. टॉमी निवेदक असता तर 'निवड' हा शब्द सुरुवातीला आणि शेवटी आला असता का?

अर्विन वेल्शची मूळ कादंबरी (१९९३) इथे वेगळी आहे. तिच्यात अनेक पात्रं आपापल्या बोलीत बोलतात, एक निवेदक नाही. एक पात्र तर असं आहे की ज्याने हेरॉइन टोचलेलंच नाही, तरी त्याला शरीरसंबंधातून एचआयव्ही होतो. म्हणजे लागण टोळक्याच्या बाहेर जाते. मांजरीच्या पिल्लाने मरणारा मित्रही कादंबरीत टॉमी नाही, मॅटी नावाचा दुसराच आहे. चित्रपटाने अनेकांची दुःखं एका टॉमीत कोंबली. दीड तासात गोष्ट सांगायची तर ते समजण्यासारखं आहे. पण त्याने एक भ्रम तयार होतो: एक दुर्दैवी मेला, बाकीचे निभावले. म्यूरहाउसचे ५१ टक्के तसं म्हणत नाहीत.

आणि आपला 'गर्द'

मराठीत हेरॉइनला आपण ओळखतो ते 'गर्द' म्हणून. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली, अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते 'गर्द' या पुस्तकात आलं, आणि १९८६ मध्ये, म्हणजे रॉबर्टसनचा पेपर आला त्याच वर्षी, पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. पदार्थ तोच, पण आपल्याकडे तो मुख्यतः पन्नीवर तापवून धूर ओढायचा. त्यामुळे घरं उद्ध्वस्त झाली तरी सुईतून पसरणारा विषाणू त्या वाटेने एडिंबरासारखा धावला नाही. शरीरात जाण्याचा मार्ग बदलला की किंमतही बदलते.

पण एक शब्द आपणही रेंटनसारखाच वापरतो: गर्दुल्ला. पुलाखाली, स्टेशनबाहेर पडलेला एकटा माणूस. या शब्दात मित्र नाहीत, पहिली पुडी देणारा नाही, पुरवठा नाही, बंद दवाखाना नाही. शब्दातच विश्लेषणाचं एकक ठरून गेलेलं असतं.

मग चित्रपट वाईट का?

अजिबात नाही. उलट, मैत्री आणि हेरॉइन यांचं नातं इतक्या नेमकेपणाने दाखवणारे चित्रपट थोडे आहेत. तो व्यसनातला आनंद लपवत नाही, त्यामुळे त्याचं दुःख खोटं वाटत नाही. उपदेश करणाऱ्या चित्रपटात टॉमी पहिल्याच दृश्यात बिचारा दिसला असता. इथे तो हसरा, धट्टाकट्टा दिसतो, म्हणून त्याची पडकी खोली आणि खंगलेला चेहरा सहन होत नाही. माझा आक्षेप एवढाच की निवेदकाला साक्षीदार समजा, न्यायाधीश समजू नका.

तर तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. तुमच्या विषयातली एक सर्वमान्य गोष्ट घ्या: अमुक झालं, कारण तमुक. पीक का गेलं, मुलींनी शाळा का सोडली, पूल का पडला, काहीही. एक कागद घ्या आणि टॉमीसारखा दाखला भरा. प्रत्येक ओळीखाली 'कशामुळे' लिहीत खाली उतरा. ज्या ओळीत कोणाची तरी 'निवड', 'निष्काळजीपणा' किंवा 'अज्ञान' लिहून थांबावंसं वाटेल, तिथे थांबू नका, अजून एक ओळ उतरा. मग बाजूला लिहा की हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणि ज्यांना विचारलं गेलं नाही ते कोण. ती खालची ओळ भरायला कुठला डेटा लागेल, कुठल्या फ्रीजरमध्ये किंवा कपाटात तो आधीच पडून असेल, याचा विचार करा.

माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचे चांगले संशोधनप्रश्न अशाच एखाद्या कोऱ्या ओळीतून निघालेत. तुमचाही निघेल. पुढच्या पोस्टमध्ये ग्लासगो-एडिंबरासारखी तुलना स्वतःच्या विषयात कशी शोधायची, ते पाहू.